पेशींची पकड

निलंग्याचे नीलकंठेश्वराचे हेमाडपंती देऊळ ज्यांनी निरखून पाहिले आहे, त्यांना चुन्यावाचून दगड दगडाला कसा धरतो हे सांगायला नको. शरीरातील पेशींविषयी मात्र विद्वान बराच काळ चुन्याचीच कल्पना करीत होते. दोन पेशींच्या फटीत काही चिकट द्रव्य भरलेले असावे, असे मानीत. १९०० साली हर्ब्स्ट या जर्मन संशोधकाने समुद्रातील एका काटेरी प्राण्याचे गर्भ कॅल्शियमविरहित पाण्यात ठेवले, तो पेशी सुट्या झाल्या. कॅल्शियम परत घालताच पुन्हा एकत्र आल्या. असे का, हे कळायला पाऊणशे वर्षे जावी लागली.

मधल्या काळात पेशी काचपात्रात जगविण्याची विद्या पुढे गेली. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉर्ज गे यांनी हेन्रिएटा लॅक्स या गरीब कृष्णवर्णीय स्त्रीच्या कर्करोगाच्या पेशी अशाच जगविल्या. तिला न विचारता, हेही सांगितले पाहिजे. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी याच गे यांच्याकडे काम केले आणि पुढे मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. अशा पात्रात पाहावे, तो निरोगी पेशी वाढत वाढत शेजारणीला भिडतात आणि थांबतात. कर्करोगाच्या पेशी थांबत नाहीत; एकमेकींच्या अंगावर चढतात. म्हणजे वाढीचा लगाम शेजारणीच्या स्पर्शात आहे तर!

त्या स्पर्शाचा उलगडा जपानच्या मासातोशी ताकेइची यांनी केला. पेशी सोडविण्याचे क्योटोतील द्रावण आणि बाल्टिमोरचे द्रावण यांत थोडा फरक होता. बाल्टिमोरच्या द्रावणाने सुटलेल्या पेशी पुन्हा चिकटेनात. त्याचा माग काढताना १९७७ साली दिसले की, पेशीच्या अंगावरच एक प्रथिन असते आणि कॅल्शियम असेल तरच ते टिकते. चुना नव्हे, दगडाचीच खाच! १९८४ साली त्याला कॅढेरिन हे नाव मिळाले. त्याचे बाहेरचे टोक शेजारणीच्या तशाच प्रथिनाला धरते. आतले टोक बीटा-कॅटेनिन नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला बांधून ठेवते. पकड सुटली की हे मोकळे झालेले प्रथिन केंद्रकात शिरून वाढीची जनुके जागी करू शकते. आम्हां युनियनवाल्यांना एकजुटीचे दृष्टान्त फार प्रिय; पण येथे एकजुटीचे काम थांबविण्याचे आहे, म्हणून तो मोह आवरतो.

रणदिवे यांचे गुरू डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सहकाऱ्यांसह १९५५ साली तंबाखू आणि तोंड-घशाचा कर्करोग यांचा संबंध दाखविला होता. तोंडाच्या कर्करोगात कॅढेरिन पुष्कळदा घटलेले आढळते. आमच्या गेटसभेत गालात तंबाखूची गोळी धरून उभे राहणारे थोडे नसतात. पकड सुटलेली पेशी गालातच राहते असे नाही. मानेतील गाठीत जाऊन बसते. डॉक्टर तोंड पाहून झाल्यावर मान चाचपतात, ते याचसाठी.