हळदीच्या मांडवातला रॉक

गायक नसलेला बँड आमच्या ठाकुर्लीला नवा नाही. गिटार-ड्रम घेऊन कुणी शब्दांविना प्रयोग केले की त्याला इन्स्ट्रुमेंटल रॉक म्हणतात. आमच्याकडे हळदीच्या मांडवात बेंजो पार्टी तेच करत आली आहे. मी तीत ऑक्टापॅड वाजवतो, म्हणून ठासून सांगतो.

हा बेंजो मूळचा जपानी. १९१२ साली नागोयाच्या गोरो मोरिता यांनी टाइपरायटरच्या बटणांवरून कल्पना घेऊन ‘ताइशोगोतो’ घडवलं. आपल्याकडे त्याचा बुलबुलतरंग झाला. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हातातल्या नखीने तार छेडायची. आवाज नाजूक, ताशापुढे ऐकूच न येणारा. म्हणून तारांखाली पिकअप बसला: चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं. पोलादी तार थरथरली की वेटोळ्यात वीज उमटते आणि अॅम्प्लिफायरमधून भोंग्यात जाते. इलेक्ट्रिक गिटारची विद्याही हीच. विजेच्या रेल्वेगाड्यांसाठी चोळा पॉवर हाऊस आमच्याकडे १९२९ सालीच उभं राहिलं होतं. पण ढोलकीवाल्याच्या शेजारी वीज येऊन बसली ती बेंजोमुळे.

रोलँड कंपनीचा पहिला ऑक्टापॅड १९८५चा. त्याला स्वतःचा आवाज नव्हता, पुढच्या मॉडेलांत तो आतच आला. आठ रबरी चौकोन, एकावर संबळ लावा, दुसऱ्यावर ढोल.

पार्टी जमते ती बेंजो मास्टरभोवती. मग ढोलकी, कीबोर्ड, ताशा, शेवटी ट्रॉली आणि जनरेटर. नोटेशन कुणाकडेच नसतं, चाल कानाने उचलायची. कोळीगीत रंगात आलं की मास्टर मान वर करतो, मी रोल मारतो आणि त्याच ठेक्यावर हिंदी गाणं सुरू होतं. मध्ये श्वासभरही थांबायचं नाही. गायक असता तर हे जमलं नसतं. शब्द मांडवातल्या बायकांना पाठ असतात, त्या गातात.

रवी जाधव यांनी २०१६ साली ‘बँजो’ सिनेमा काढला, तेव्हा आम्हाला फार बरं वाटलं. सुपाऱ्या मात्र कमीच होत गेल्या, हळदीला डीजे स्वस्त पडतो. पण नाचता नाचता आजी दमली, तर आमचा मास्टर लय उतरवतो. पेनड्राइव्हला ते कुठून कळणार?

सध्या शेजारची दोन पोरं शिकायला येतात. त्यातल्या एकाला सोल्डरिंग येतं. त्याला दोन पिकअपचा बेंजो स्वतः बांधायचाय, एक पिकअप फक्त खर्जाच्या तारेसाठी.