पर्यावरण परवानग्यांचे एकसूत्रीकरण (नागपूर)

एकाच प्रकल्पाला निरनिराळ्या कायद्यांखाली लागणाऱ्या परवानग्यांचे अर्ज, छाननी आणि मुदती एकमेकांशी जोडण्याची प्रशासकीय पद्धत. राज्य वनविभागाचे मुख्यालय, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचे विभागीय कार्यालय आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रादेशिक कार्यालय नागपुरातच आहे. तरीही जिल्ह्यातल्या एखाद्या कोळसा खाणीला १९८० च्या कायद्याखाली वनमंजुरी, २००६ च्या अधिसूचनेखाली पर्यावरण मंजुरी आणि मंडळाची संमती स्वतंत्रपणे मिळवावी लागते. जवळ अभयारण्य असेल तर वन्यजीव मंजुरीही.

परवानग्यांच्या खिडक्या फार म्हणून उशीर होतो, हे निदान अपुरे आहे. खरा वेळ जातो तो प्रश्न उशिरा विचारल्यामुळे. नागपूर–सिवनी महामार्गाचे (पूर्वीचा क्रमांक ७, आताचा ४४) चौपदरीकरण पेंचच्या जंगलातून जाणार होते. वाघांच्या वाटांच्या मुद्द्यावर काम अडून राहिले आणि वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. अखेर महाराष्ट्राच्या हद्दीत प्राण्यांसाठी नऊ भुयारी मार्ग व पूल बांधले गेले. त्यांतला सर्वांत लांब ७५० मीटरचा. भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांनी २०१९ मध्ये त्यांखालून दहा वाघांचे ८९ वेळा येणेजाणे टिपले. म्हणजे अट योग्यच होती. ती आखणीच्या टप्प्यावर पुढे आली असती, तर वन्यजीवांचे रक्षण झाले असते आणि रस्ताही लवकर झाला असता.

अशा परवानग्यांचे अर्ज एकत्र घेणारे केंद्राचे ‘परिवेश’ संकेतस्थळ २०१८ मध्ये सुरू झाले. एकत्रीकरणाने छाननी सैल होईल, हा त्यावरचा आक्षेप निराधार नाही: २०२२ च्या जानेवारीत पर्यावरण मंजुरी देणाऱ्या राज्य प्राधिकरणांना मंजुरीच्या वेगावरून गुण देण्याचे ठरले, तेव्हा त्यावर रास्त टीका झाली. म्हणून नकाशे, आकडे आणि अहवाल सर्वांसाठी एकच असावेत. नकार देण्याचा अधिकार मात्र प्रत्येक यंत्रणेकडे स्वतंत्र राहावा. जनसुनावणीमुळे काम रेंगाळते, ही उद्योजकांची तक्रारही फारशी टिकत नाही. तिला कायद्याने ४५ दिवस दिले आहेत आणि तज्ज्ञ समितीला मूल्यमापनासाठी ६०. समितीची ही मुदत परिपूर्ण प्रस्ताव मिळाल्यावरच मोजली जाते, त्यामुळे त्रुटी काढून परत आलेल्या फायलीचा काळ तिच्या बाहेरच राहतो. शिवाय जनसुनावणी ही गावकऱ्यांना प्रकल्पाबद्दल अधिकृतपणे बोलण्याची जवळजवळ एकमेव जागा. ती आखडून वाचणारे दिवस पुढे न्यायालयात खर्ची पडतात.

मंजुरीनंतर दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, अटींच्या पालनाचा अहवाल द्यावा लागतो. तोही मूळ अर्जाच्याच क्रमांकाखाली नोंदवून वनविभाग व मंडळाला खुला झाला, तर एका यंत्रणेने घातलेली अट मोडल्याचे दुसरीला वेळेत कळेल.