चित्र कुणाचं, हा पहिला प्रश्न

१५ जानेवारी १८५९ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर भागात, ग्रेट जॉर्ज स्ट्रीटवरच्या २९ नंबरच्या घराचे दरवाजे लोकांसाठी उघडले. आत मोजक्या ५७ कलाकृती होत्या आणि प्रवेश आठवड्यातून दोनच दिवस, बुधवारी आणि शनिवारी. इमारत संग्रहालयासाठी बांधलेली नव्हती, ते साधं राहतं घर होतं. तरी या घरात एक नवी गोष्ट सुरू झाली होती. एका देशानं सरकारी खर्चानं आपल्या माणसांचे चेहरे, केवळ चेहरे, जमवायला घेतले होते. नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी हे तिचं नाव. पुढे एडिंबरा, वॉशिंग्टन, कॅनबेरा इथे याच नावाच्या संस्था उभ्या राहिल्या, त्या सगळ्यांचं मूळ या घरात आहे.

ही कल्पना पाचवे अर्ल फिलिप हेन्री स्टॅनहोप यांची. ते इतिहासकार होते. संसदेत त्यांनी ती पहिल्यांदा मांडली १८४६ मध्ये, तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १८५२ मध्ये पुन्हा मांडली, तेव्हाही तेच. तोवर फ्रान्समध्ये राजा लुई फिलिपनं व्हर्सायचा राजवाडा देशाच्या इतिहासाच्या चित्रांना देऊन टाकला होता आणि लंडनमध्ये नॅशनल गॅलरी १८२४ पासून चालू होती. अखेर ४ मार्च १८५६ रोजी स्टॅनहोप हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये तिसऱ्यांदा उभे राहिले आणि या वेळी ठराव तरला. व्हिक्टोरिया राणीची संमती मिळाली, कॉमन्सनं २,००० पौंड मंजूर केले आणि त्याच वर्षी २ डिसेंबरला संस्था रीतसर स्थापन झाली. दहा वर्षं एकच मागणी लावून धरणाऱ्या माणसाची चिकाटी मला त्या दोन हजार पौंडांपेक्षा मोठी वाटते.

पहिल्या विश्वस्तांत स्टॅनहोप यांच्यासोबत डिझरेली होते आणि मेकॉले होते. आपल्याकडे मेकॉले हे नाव १८३५ च्या शिक्षणविषयक टिपणामुळे वादाचं झालं. त्यांच्या देशात मात्र ते आधी इतिहासकार. लवकरच थॉमस कार्लाइल विश्वस्त झाले. एखाद्या माणसाबद्दल लिहायला बसण्याआधी त्याचा खरा चेहरा समोर हवा, लिहिलेल्या चरित्रांपेक्षाही तो जास्त सांगतो, असं त्यांनी १८५४ मध्येच लिहून ठेवलं होतं. थोडक्यात, या संस्थेची सूत्रं इतिहास लिहिणाऱ्यांच्या हाती होती, आणि तिचं वेगळेपण नेमकं तिथून आलं.

विश्वस्तांनी सुरुवातीलाच नियम घालून घेतले. चित्र निवडताना चित्रकार किती मोठा हे बघायचं नाही, चित्रातला माणूस कोण हे बघायचं. त्याचं मोठेपण ठरवताना पक्ष किंवा पंथ मध्ये आणायचा नाही. आणि माणसाच्या हातून मोठे दोष, मोठ्या चुका घडल्या असतील, त्या सगळ्यांना मान्यही असतील, तरी तेवढ्यावरून त्याचं चित्र नाकारायचं नाही, मात्र देशाच्या इतिहासावर त्यातून प्रकाश पडला पाहिजे. या तिसऱ्या नियमाचं मोल मला सर्वांत जास्त वाटतं. भिंतीवर लागलेलं चित्र म्हणजे प्रशस्तिपत्र नव्हे, तो दस्तऐवज आहे, हे त्यात आधीच गृहीत धरलेलं आहे. रॉबर्ट क्लाइव्हचं नॅथॅनियल डान्सनं केलेलं चित्र या संग्रहात आहे, प्लासीनंतर क्लाइव्ह मीर जाफरला भेटतो हे फ्रान्सिस हेमनचं चित्रही आहे. भारतीय माणूस ती चित्रं ज्या नजरेनं पाहील तिला हा नियम जागा देतो.

आणखी दोन अटी होत्या. राजा किंवा राणी आणि त्यांचा जोडीदार सोडता जिवंत माणसाचं चित्र घ्यायचं नाही. मृत्यूनंतरही दहा वर्षं थांबायचं. काळाची चाळण लागू द्यावी, हा हेतू. ही अट १९६९ पर्यंत टिकली. दुसरी अट म्हणजे नव्यानं केलेल्या नकला नकोत, चित्र मूळच हवं.

मूळ कोणतं आणि त्यातला माणूस कोण, हे ठरवायचं मात्र कुणी? जुन्या घराण्यांच्या वाड्यांत शेकडो तसबिरी पिढ्यानपिढ्या लटकत होत्या आणि कुठल्या तसबिरीखाली कुणाचं नाव लागेल याचा भरवसा नव्हता. इथे जॉर्ज शार्फ या माणसाची गाठ पडते. १८५७ मध्ये ते संस्थेचे पहिले सचिव झाले आणि पुढे पहिले संचालक. बव्हेरियातून आलेल्या चित्रकाराचा हा मुलगा स्वतः उत्तम रेखाटनकार होता. मेकॉले यांच्या प्राचीन रोमवरच्या काव्यसंग्रहासाठी त्यांनीच चित्रं काढली होती. ग्रेट जॉर्ज स्ट्रीटच्या त्याच घरात ते राहायचे.

शार्फ यांच्या वह्या पाहिल्या की कामाची रीत कळते. चित्र समोर आलं की पेन्सिलीनं त्याचं छोटं रेखाटन करायचं. शेजारी बारीक अक्षरांत नोंदी: डोळ्यांचा रंग, केसांचा रंग, कपड्याचा रंग, कोपऱ्यात काही मजकूर असेल तर तो जसाच्या तसा. फोटोवर रंग उमटत नव्हता तेव्हाचा हा काळ. एका वाड्यात पाहिलेलं चित्र दुसऱ्या वाड्यातल्या चित्राशी ताडायचं तर या वह्यांशिवाय साधन नव्हतं. स्कॉटलंडची राणी मेरी हिच्या नावावर तर खऱ्याखोट्या चित्रांची रासच पडली होती. त्या राशीतून खरी चित्रं वेगळी काढण्यात त्यांनी वर्षानुवर्षं घालवली. त्यांच्या संशोधनावर आधारलेलं पुस्तक त्यांच्यामागून आलेले संचालक लायोनेल कस्ट यांनी १९०३ मध्ये काढलं. संस्थेचा पाया खऱ्या अर्थानं शार्फ यांनी घातला असं मी म्हणेन. ठराव संसदेत झाला, पण भिंतीवरच्या नावावर विसंबता येईल अशी शिस्त या वह्यांनी लावली.

आणि तरीही संग्रहात पहिल्या क्रमांकाची नोंद ज्या चित्राची आहे, त्याचीच ओळख शंभर टक्के सिद्ध झालेली नाही. ते शेक्सपिअरचं म्हणून ओळखलं जाणारं ‘चँडॉस’ चित्र. लॉर्ड एल्समिअर यांनी १८४८ मध्ये एका लिलावात ३५५ गिनींना घेतलेलं आणि १८५६ मध्ये संस्थेला दिलेलं. काळा अंगरखा, गळ्याशी सैल सुटलेल्या बंदाच्या दोऱ्या, डाव्या कानात सोन्याची बाळी, मागे सरलेले केस. शेक्सपिअर हयात असताना समोर बसवून काढलेलं असण्याचा सर्वांत मोठा दावा याच चित्राचा. दावाच, पुरावा नव्हे. संस्थेनं हे कधी लपवलं नाही.

पुढची चाळीसेक वर्षं भटकंतीची. १८६९ मध्ये घर सोडताना संग्रह २०८ वर गेला होता. मग एक्झिबिशन रोड. तिथल्या इमारतींना आग लागल्यावर १८८५ मध्ये बेथनल ग्रीन, जिथे ओल होती आणि जे शहराच्या मध्यापासून लांबही होतं. शेवटी विल्यम हेन्री अलेक्झांडर यांनी आधी ६०,००० आणि नंतर आणखी २०,००० पौंड दिले, सरकारनं ट्रॅफलगार चौकाजवळ, नॅशनल गॅलरीला लागून, जागा दिली. ४ एप्रिल १८९६ रोजी स्वतःची इमारत उघडली. वास्तुकार युअन ख्रिश्चन आणि शार्फ, दोघेही त्याच्या आदल्याच वर्षी वारले होते. दारावर स्टॅनहोप, मेकॉले आणि कार्लाइल यांचे अर्धपुतळे बसवले आहेत. शार्फ तिथे हवे होते.

चित्रातला माणूस कोण, हा प्रश्न विचारणाऱ्यांनी बराच काळ पुरुषांचीच नावं घेतली. १७ जुलै १९१४ रोजी मताधिकारासाठी लढणाऱ्या एका स्त्रीनं गॅलरीत शिरून मिलेनं काढलेल्या कार्लाइल यांच्या चित्रावर सुऱ्यानं वार केले. थोर पुरुषांच्या चरित्रांतच जगाचा इतिहास पाहणाऱ्या लेखकाच्या चेहऱ्यावर तो घाव पडला. आणि त्याच वर्षी गॅलरीला लेखिका ब्राँटे बहिणींचं चित्र मिळालं. ते त्यांच्या भावानं, ब्रॅनवेलनं, साधारण १८३४ मध्ये काढलेलं. घडी घालून एका कपाटावर ठेवून दिलेलं ते सापडलं. घड्यांच्या भेगा आजही कॅनव्हासवर आडव्या-उभ्या दिसतात. मधोमध एक खांब आहे. तिथे ब्रॅनवेलनं आधी स्वतःला रंगवलं होतं, मग पुसून टाकलं. वरचा रंग काळानुसार विरळ होत गेला आणि आता तो खांबातून पुसटसा दिसतो. कलेच्या मोजपट्टीनं हे चित्र कच्चं आहे. दुसऱ्या कुठल्या संग्रहालयानं ते घेताना विचार केला असता. इथे मात्र, तिघी कोण आहेत हेच बघायचं असल्यामुळे, त्याला हक्काची जागा मिळाली.

२०२० ते २०२३ गॅलरी दुरुस्तीसाठी बंद होती. २२ जून २०२३ रोजी ती पुन्हा उघडली तेव्हा नव्या दारांवर ट्रेसी एमिन यांनी काढलेले ४५ स्त्रियांचे चेहरे कांस्यात ओतलेले होते. आत जोशुआ रेनल्ड्सनं १७७६ च्या सुमारास काढलेलं माई या तरुणाचं पूर्णाकृती चित्र होतं. ५ कोटी पौंडांचं, अमेरिकेतल्या गेटी संस्थेशी भागीदारीत घेतलेलं, आळीपाळीनं दोन्हीकडे दाखवायचं. माई पॅसिफिकमधल्या रायातेआ बेटाचा. १७७४ मध्ये इंग्रजी जहाजातून लंडनला आला, तिसऱ्या जॉर्जला भेटला आणि दर्यावर्दी कॅप्टन कुकच्या शेवटच्या सफरीत परत गेला. १८५६ च्या विश्वस्तांनी देशाच्या थोरांची यादी काढली असती तर त्याचं नाव तिच्यात आलं नसतं, असं मला वाटतं. पण देशाच्या इतिहासावर प्रकाश टाकणारा चेहरा हवा, एवढंच त्यांनी नियमात लिहिलं होतं. त्या नियमात माई नीट बसतो.