ध्वनिचित्रफितींचे तालिकीकरण : व्हँडरबिल्ट वृत्तसंग्रहाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
ग्रंथ चाळता येतो. ध्वनिचित्रफीत मात्र यंत्रावर लावून पाहिल्याशिवाय तिच्यात काय आहे हे कळत नाही. म्हणून महाविद्यालयीन ग्रंथालयात तिची नोंद ग्रंथाच्या नोंदीपेक्षा अधिक महत्त्वाची ठरते. प्रस्तुत निबंधात अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या दूरचित्रवाणी वृत्तसंग्रहाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

संग्रहाची स्थापना :
अमेरिकेतील दूरचित्रवाणी कंपन्या आपली सायंकालीन बातमीपत्रे दीर्घकाळ जतन करीत नाहीत, हे नॅशव्हिलचे विमा व्यावसायिक पॉल सिम्पसन यांच्या लक्षात आले. त्यांच्या पुढाकाराने ५ ऑगस्ट १९६८ रोजी विद्यापीठात एबीसी, सीबीएस व एनबीसी यांच्या बातमीपत्रांचे मुद्रण सुरू झाले.

तालिकीकरणाचे स्वरूप :
बातमीपत्राचे शीर्षक रोज तेच असते; त्यामुळे केवळ शीर्षकाची नोंद अभ्यासकाच्या उपयोगाची नव्हती. यावर उपाय म्हणून प्रत्येक बातमीचा स्वतंत्र सारांश, दिनांक व वेळेसह तयार करण्यात आला. १९७२ पासून ही सूची मासिक स्वरूपात प्रसिद्ध होऊ लागली. चित्रपट व ध्वनिचित्रमुद्रणांसाठी स्वतंत्र प्रकरण असलेली आंग्ल-अमेरिकन तालिकीकरण नियमावलीची दुसरी आवृत्ती १९७८ मध्ये आली. म्हणजेच येथे गरज आधी निर्माण झाली व ही नियमावली नंतर आली.

कायदेशीर संघर्ष :
१९७३ मध्ये सीबीएसने विद्यापीठाविरुद्ध स्वामित्वहक्कभंगाचा दावा दाखल केला. १९७६ च्या अमेरिकन स्वामित्वहक्क कायद्याने ग्रंथालयांना बातमीपत्रांच्या मर्यादित प्रती करण्याची व त्या उसन्या देण्याची मुभा दिली आणि दावा मागे घेण्यात आला.

समारोप :
भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाचा दूरचित्रवाणी शैक्षणिक कार्यक्रम १५ ऑगस्ट १९८४ रोजी सुरू झाला. त्या काळापासून अनेक ग्रंथालयांत फिती जमा होत गेल्या. जपानमधील अखेरच्या व्हीसीआर उत्पादकाने २०१६ मध्ये उत्पादन थांबविले. म्हणजे फीत पाहून नोंद करण्याची संधीही दिवसेंदिवस कमी होत आहे. अशा वेळी ‘फीत, एक नग’ एवढीच दाखलनोंद पुरेशी नाही. विषय, वक्ता, दिनांक, कालावधी व फितीचा प्रकार यांची नोंद आजच झाली पाहिजे. अन्यथा कपाटातील फीत सुरक्षित राहील, परंतु इतिहासाचे साधन म्हणून ती नष्ट झालेली असेल.