अर्धरथी कर्ण, गारदी इब्राहीमखान आणि सहा जणांची टोळी

बखर वाङ्मय शिकवताना पानिपताचा प्रसंग आला की वर्गात गंभीर शांतता पसरते, असा आमचा आजवरचा अनुभव होता. अलीकडे एम. ए.च्या वर्गात मात्र निराळेच घडले. विंचूरकर आणि गायकवाड यांच्या घोडदळाने गोल मोडला, या वाक्यापाशी आम्ही आलो असताना मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी सहज म्हणाला, "म्हणजे सर, दारात उभा केलेला गडी दार सोडून धावला आणि मागच्याला अग्निगोळा टाकता येईना." वर्ग हसला. आम्ही रागावलो. तास संपल्यावर त्याला बोलावून घेतले तेव्हा कळले, की तो संगणकावर खेळल्या जाणाऱ्या एका खेळाविषयी बोलत होता. चार-सहा जणांची टोळी घेऊन काल्पनिक प्रदेशात भटकायचे, राक्षसांशी लढायचे आणि प्रत्येक गड्याला त्याच्या वकुबाप्रमाणे जागा नेमून द्यायची, असा तो खेळ. विद्यार्थ्याची उपमा वात्रट होती, पण चुकीची नव्हती, हे आम्हांला दोन दिवसांनी मान्य करावे लागले. त्या मान्यतेतूनच हा लेख निघाला आहे.

या खेळांची वंशावळ साहित्याच्या अभ्यासकाने एकदा नजरेखालून घालावी अशी आहे. तिचा उगम मनोरंजनात नसून लष्करी शिक्षणात आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली राइसविट्स नावाच्या अधिकाऱ्याने नकाशा, ठोकळे आणि फासे यांच्या साहाय्याने युद्धाचा सराव करण्याची पद्धत रूढ केली. ठोकळा म्हणजे पलटण, फासा म्हणजे नशीब आणि निर्णय देणारा एक पंच, अशी ती रचना. दीडशे वर्षांनी, १९७४ मध्ये, अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनी या परंपरेत एकच, पण मूलगामी बदल पक्का केला. ठोकळा पलटणीचा राहिला नाही, तो एका माणसाचा झाला. सेनापतीच्या जागी पात्र आले. त्या पात्राला नाव आले, पूर्ववृत्त आले, आणि खेळणारा 'मी' म्हणून बोलू लागला. आपल्याकडे भारुडात सोंग घेणारा जसा आपले नावगाव बाजूला ठेवून जोशी किंवा वासुदेव होतो, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की आपल्या सोंगाला आकडे नसतात.

आकड्यांचा हिशेब असा. प्रत्येक पात्राचे सहा गुण: बळ, चापल्य, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि लोकांवर पडणारी छाप. मूळ खेळात तीन फासे टाकून प्रत्येक गुणाचा आकडा ठरे. म्हणजे कमीत कमी तीन, जास्तीत जास्त अठरा. त्यावरून पात्राचा वर्ग ठरायचा. आरंभी योद्धा, जादूगार आणि धर्मोपदेशक असे तीनच वर्ग होते. चोर पुढच्या वर्षी, १९७५ मध्ये, आला. योद्धा चिलखत घालून मार सोसतो, जादूगार दुबळा असतो पण दुरून संहार करतो, उपदेशक जखमा भरून काढतो, चोर कुलपे आणि सापळे उघडतो. कोणीही एकटा पुरा पडत नाही. हे अपुरेपण हेच या खेळाचे खरे संविधानक आहे, असे आमचे मत झाले आहे.

संगणकावर ही टोळी १९८१ च्या 'विझर्ड्री'त ठळकपणे उतरली. तेथे सहा जण असत आणि पुढचे तीन व मागचे तीन असा भेद होता: पुढच्यांनी शस्त्र चालवायचे, मागच्यांनी मंत्र. १९८८ च्या 'पूल ऑफ रेडियन्स'मध्ये पटावर घरे आखलेली होती आणि लढाई बुद्धिबळासारखी घराघराने चाले. १९९८ मध्ये आलेल्या 'बॉल्डर्स गेट'ने काळ वाहता ठेवला, पण एक कळ दाबून तो थांबवण्याची मुभा दिली. घड्याळ थांबवायचे, सहाही जणांना हुकूम द्यायचे, पुन्हा घड्याळ सोडायचे. आमच्या विद्यार्थ्याचा 'अग्निगोळा' याच खेळातला. तो शत्रूच्या गर्दीत फुटतो हे खरे, पण आपला गडी त्या गर्दीत शिरलेला असेल तर तोही भाजतो. म्हणून जाणता खेळाडू योद्ध्याला अरुंद दारात उभा करतो आणि जागा सोडू देत नाही.

आता उदगिराकडे वळू. लातूर जिल्ह्यात राहणाऱ्या आम्हां मंडळींना उदगीर आणि औसा ही नावे एस. टी.च्या पाटीवर रोज दिसतात. १७६० च्या फेब्रुवारीत याच टापूत सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले, हे मात्र पाठ्यपुस्तकातल्या एका ओळीपुरते उरले आहे. ती ओळही बहुधा पानिपताची प्रस्तावना म्हणून येते. वास्तविक तो विजय सैन्यरचनेच्या दृष्टीने स्वतंत्रपणे पाहण्यासारखा आहे.

मराठ्यांचे परंपरागत बळ घोडदळात होते. शत्रूला गाठायचे नाही, त्याची रसद तोडायची, त्याला दमवायचे. परंतु १७५१ मध्ये फ्रेंच सेनानी बुसीच्या कवायती पायदळाने आणि तोफांनी पेशव्यांना जो तडाखा दिला, त्यातून भाऊंच्या पिढीने एक धडा घेतला: घोडा तोफेपुढे टिकत नाही. १७५८ मध्ये लालीने बुसीला दक्षिणेत बोलावून घेतले आणि निजामाच्या फौजेचा कणा ढिला झाला. बुसीच्या पद्धतीत तयार झालेला इब्राहीमखान गारदी निजामाची चाकरी सुटल्यावर पुण्याच्या चाकरीत आला. हा विश्वास टाकणे सोपे नव्हते. १७५९ मध्ये मुजफ्फरखान या दुसऱ्या गारद्याने भाऊंवर मारेकरी घातला होता. तरीही भाऊंनी इब्राहीमखानाला जवळ केले.

उदगीर-औशाच्या मोहिमेत दोन्ही पद्धती एकमेकींना पूरक ठरल्या. निजामाची फौज तोफांच्या आश्रयाने, चालत्या किल्ल्यासारखी, धारूरच्या दिशेने सरकत होती. घोडदळाने तिला वेढून दाणावैरण तोडली. गारद्यांच्या तोफांनी तिचे कवच फोडले. ३ फेब्रुवारी १७६० रोजी निर्णायक झुंज झाली आणि तहात निजामाने सुमारे साठ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख सोडला. दौलताबाद, बऱ्हाणपूर आणि विजापूर त्यात होते. इब्राहीमखान येथे आपल्या जुन्या धन्याविरुद्ध लढला, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

यश मिळालेली रचना माणूस बदलत नाही. त्याच टोळीनिशी भाऊ मार्चमध्ये उत्तरेस निघाले. कुंजपुऱ्याला ऑक्टोबरात तोफांनी पुन्हा काम केले. पानिपतावर मात्र वेढणारे घोडदळ मराठ्यांचे उरले नव्हते. रसद तुटली ती आपली. गोल करून, तोफा पुढे ठेवून, दिल्लीकडे सरकत जायचे, हा बेत ठरला. म्हणजे औशाच्या वाटेवर जी चाल निजामाची होती, ती पानिपतावर भाऊंच्या वाट्याला आली! या विपर्यासाकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही, असे आम्हांला वाटते.

१४ जानेवारी १७६१ चा तो दिवस सर्वांना ठाऊक आहे. डाव्या बगलेवर इब्राहीमखानाच्या आठ-नऊ हजार गारद्यांनी रोहिल्यांची दाणादाण उडवली. त्याच्या शेजारचे विंचूरकर आणि गायकवाड यांचे घोडदळ जागा सोडून पुढे धावले, रोहिल्यांच्या बंदुकांनी ते मागे रेटले गेले, आणि गारद्यांची बाजू उघडी पडली, असे परंपरेने सांगितले जाते. दार सोडून धावलेला गडी तो हा. उपमा येथवर चपखल बसते.

पण येथेच ती तोकडीही पडते. विंचूरकर का धावले? खेळात गडी हुकमाविना हलला तर तो दोष यंत्राचा. विंचूरकर मात्र घोड्यावर वाढलेले सरदार होते; तोफेच्या मागे उभे राहून वाट पाहणे हे त्यांच्या लेखी लढणेच नव्हते. मल्हारराव होळकरांसारखा अनुभवी सेनानी गोलाच्या लढाईला मनापासून अनुकूल नव्हता, असे बखरींचे सांगणे आहे. एका परक्या गारद्याच्या शब्दावर सगळी फौज तोलून धरायची, हा सल जुन्या सरदारांना होता. सलाला आकडा कोणता द्यायचा? भुकेला कोणता? या खेळांत गड्याच्या प्राणांचा एकच अंश शिल्लक असला तरी त्याची तलवार पूर्ण जोराने चालते. पानिपतावरचे सैन्य अनेक आठवड्यांच्या उपासमारीनंतर लढले. 'अल्टिमा' मालेतील जुन्या खेळांत टोळीचे अन्न मोजले जाई. पुढच्या बहुतेक खेळांनी तो हिशेब कंटाळवाणा म्हणून वगळला. त्रिंबक शंकर शेजवलकरांनी रसदेला जेवढे महत्त्व दिले, ते पाहता हे वगळणे आम्हांला खटकते.

माणसांची प्रतवारी लावण्याचा मोह मात्र नवा नाही. महाभारताच्या उद्योगपर्वात भीष्म दोन्ही पक्षांतील वीरांची मोजणी करतात: हा रथी, हा अतिरथी, हा महारथी. ही यादी म्हणजे आजच्या खेळाडूची पात्रपत्रिकाच. त्या यादीत कर्ण 'अर्धरथी' ठरतो. कवचकुंडले गेलेली, परशुरामाचा शाप डोक्यावर. भीष्मांचा हिशेब गणिती दृष्टीने बिनचूक असेलही. पण आकडा उच्चारताक्षणी टोळी फुटते. भीष्म असेपर्यंत शस्त्र धरणार नाही, असे कर्ण सांगतो आणि कौरवांचा एक श्रेष्ठ धनुर्धर दहा दिवस शिबिरात बसून राहतो. विंचूरकर समजून घ्यायचे तर आधी हा प्रसंग वाचावा.

'बॉल्डर्स गेट'च्या कर्त्यांना हे काही अंशी उमगले असावे, हे आम्ही खुल्या मनाने नोंदवतो. तेथे टोळीतले साथी एकमेकांशी भांडतात. तुमची कीर्ती फार सज्जनपणाची झाली तर दुष्ट वृत्तीचे साथी तुम्हांला सोडून जातात. पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, आलेल्या 'प्लेनस्केप : टॉर्मेंट'मध्ये तर बळापेक्षा शहाणपणाचा आकडा मोठा ठेवणाऱ्याला अधिक कथा कळते. मात्र विद्यार्थ्याने आम्हांला प्रांजळपणे सांगितले की पुष्कळ खेळाडू अशा भांडकुदळ साथींना घेतच नाहीत. जे गुण लढाईत उपयोगी नाहीत ते तीनावर आणायचे, उरलेले अठरावर न्यायचे, हीच त्यांची विद्या. बिल्ड म्हणतात तिला. इब्राहीमखानाची निष्ठा त्या बिल्डमध्ये कुठे बसते, हे आम्ही त्याला विचारले. उदगिरावर जुन्या धन्यावर तोफा डागणारा, पगारासाठी भाऊंकडे तगादा लावणारा हा माणूस पानिपतावर अखेरपर्यंत हलला नाही. जखमी अवस्थेत धरला गेला आणि शत्रूच्या ताब्यातच संपला. बारा वर्षांनी, १७७३ मध्ये, शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून गारद्यांनी केला आणि मराठीत 'गारदी' हा शब्द मारेकऱ्याचा पर्याय होऊन बसला. वर्गाच्या नावाने माणूस गिळला, तो असा.

विद्यार्थ्याने पुढच्या तासाला इब्राहीमखान, विंचूरकर, मल्हारराव आणि भाऊ यांच्या सहा-सहा गुणांचा तक्ता फळ्यावर मांडला. बळाचे आणि काटकपणाचे रकाने भराभर भरले. भाऊंच्या 'छाप' या रकान्यावर वर्गात दोन तट पडले. एका मुलीने अठरा मागितले, दुसरीने आठाच्या वर जायला नकार दिला, आणि दोघींनीही पुराव्यादाखल बखरीच उघडल्या. तास संपला तेव्हा तो रकाना रिकामाच होता. फळा पुसू नये, असे आम्ही शिपायांना सांगून ठेवले आहे.