जमिनीला कान लावणारी माणसं

येवला म्हटलं की लोकांना पैठणी आठवते. इतिहासवाल्यांना तात्या टोपे आणि १९३५ सालची बाबासाहेबांची घोषणा आठवते. आम्हा येवलेकरांना मात्र आधी पाणी आठवतं! पालखेड डाव्या कालव्याचं आवर्तन सुटणार, साठवण तलाव भरणार आणि मग आपली पाळी असेल त्या दिवशी नळ येणार. म्हणून बहुतेक घरांत खाली हौद आणि गच्चीवर टाकी. आता एवढ्या उठाठेवीने भरलेलं पाणी घराच्याच कोब्याखाली गुपचूप मुरत असेल तर?

विहिरीसाठी पाणी शोधायला आपल्याकडे पाणाड्या असतो. हातातला नारळ उभा राहिला की "इथे खणा". नको तिथे मुरणारं पाणी शोधायचं काम बरोबर उलटं, आणि त्याचा इतिहासही बराच जुना आहे.

सुरुवात रोमपासून करू. इ.स. ९७ मध्ये फ्रॉन्टिनस नावाचा अधिकारी तिथल्या पाणीखात्याचा प्रमुख झाला. पहिल्यांदा त्याने दप्तर तपासलं. नोंदीत जमा पाणी १२,७५५ माप आणि वाटलेलं १४,०१८ माप. म्हणजे आलं त्यापेक्षा गेलं जास्त! पठ्ठ्याने उगमावर जाऊन स्वतः मोजलं, तर प्रत्यक्षात येणारं पाणी कागदापेक्षा कितीतरी जास्त निघालं. मधलं पाणी कुठे जात होतं? बरंचसं रस्त्याच्या फरसबंदीखालून चोरून जोडलेल्या नळ्यांतून. आपल्या भाषेत सांगायचं तर त्याने लॉग फाइल्स जुळवून बघितल्या. गळती शोधायची पहिली पायरी आजही हीच आहे: आलं किती, पोचलं किती.

आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे वैजापूरवरून पुढे गेलं की लागणारं छत्रपती संभाजीनगर. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे (तेव्हाचं खडकी) डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नहरीतून, निव्वळ उतारावर, गावात आणलं. नहर लपलेली, पण जागोजागी वरून आत उतरता येईल अशी उभी विवरं ठेवलेली. जे झाकायचं त्याला तपासायला दार ठेवायचं, एवढं साधं तत्त्व.

विसाव्या शतकात घरं बांधणारे नेमकं हेच विसरले. अमेरिकेत १९४७ पासून लेव्हिटटाउनमध्ये हजारो घरं तळघराशिवाय, थेट काँक्रीटच्या स्लॅबवर उभी राहिली. घर गरम ठेवायला तांब्याच्या नळ्या त्या स्लॅबमध्येच गाडल्या. घरं स्वस्त आणि झटपट झाली, पण पुढे नळ्या गळू लागल्यावर त्यांना हात लावायचा तर काँक्रीट फोडणं आलं. आपलं 'कन्सील्ड पायपिंग' त्याच जातीचं. त्यात येवल्याची काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. फरशी हलते, पाइपाच्या जोडावर ताण येतो, जोड सुटला की माती अजून ओली. झालं, चक्र सुरू!

मग न फोडता शोधायचं कसं? तर ऐकून. दाबाखालचं पाणी फटीतून निसटताना सूं असा आवाज करतो आणि तो पाइपातून दूरवर जातो. १८७० च्या दशकात इंग्लंडमधल्या लिव्हरपूलला पाणी दिवसातून काही तासच यायचं (ओळखीचं वाटतंय ना?). तिथला इंजिनिअर जॉर्ज डीकन याने १८७३ मध्ये एक मीटर बनवला, जो त्या भागातला प्रवाह कागदावर आपोआप आखायचा. रात्री गाव झोपलेलं असताना प्रवाह कमी झाला नाही तर समजायचं की पाणी गळतंय. मग माणसं एकेक व्हॉल्व्ह बंद करत, चावीच्या दांड्याला कान लावत फिरायची. गळत्या बुजल्या आणि लिव्हरपूलला चोवीस तास पाणी देणं शक्य झालं.

पहिल्या महायुद्धात शत्रूचं भुयार खणणं ऐकायला जिओफोन आला आणि युद्धानंतर तोच गळती शोधायला लागला. नंतर आला कोरिलेटर. पाइपाला दोन ठिकाणी सेन्सर लावायचे आणि आवाज कुठे आधी पोचतो ते बघायचं. समजा सेन्सर १०० मीटर अंतरावर आहेत, लोखंडी पाइपात आवाजाचा वेग सेकंदाला १२०० मीटर आहे आणि फरक ३३.३ मिलिसेकंद आला. १२०० गुणिले ०.०३३३ म्हणजे ४०. शंभरातून ४० वजा, भागिले दोन: जवळच्या सेन्सरपासून ३० मीटरवर खणा. बस्स! प्लास्टिकच्या पाइपात मात्र आवाज लवकर विरतो. तिथे पाइपात ५ टक्के हायड्रोजन आणि ९५ टक्के नायट्रोजनचं मिश्रण सोडून फरशीच्या वर हायड्रोजन हुंगणारं यंत्र फिरवतात.

पण या कान लावण्याच्या कलेची एक अट आहे. पाइपात दाब हवा. आपल्या गावातले नळ बहुतेक वेळ कोरडे, मग ऐकणार काय? वर, रिकाम्या पाइपात त्याच फटीतून गटाराचं पाणी आत शिरू शकतं. म्हणजे प्रश्न फक्त वाया गेलेल्या पाण्याचा नाही, कावीळ आणि जुलाबाचाही आहे.

घरात मात्र गच्चीवरच्या टाकीमुळे दाब कायम असतो, म्हणून डीकनचा प्रयोग घरी करता येतो. रात्री मोटर बंद, सगळे नळ बंद, फ्लशच्या चाव्यासुद्धा. टाकीत पातळीची खूण करा आणि सकाळी बघा. १.१ मीटर व्यासाच्या सरळ टाकीत १ सेंटिमीटर म्हणजे साधारण साडेनऊ लिटर. पातळी उतरली तर दुसऱ्या रात्री टाकीखालचा व्हॉल्व्ह बंद ठेवा. तरीही उतरली तर टाकीच गळतेय, नाहीतर लाइन. मग स्वयंपाकघर, न्हाणीघर असा एकेक भाग बंद करत जा. आपला लिनिअर सर्च हो! हौदालाही हीच परीक्षा. प्लंबरला छिन्नी-हातोडा घेऊन बोलवायचं ते यानंतर.

जाता जाता एक. याच डीकनने पुढे लिव्हरपूलसाठी वेल्समध्ये व्हर्नवी धरणही बांधलं, काम १८८१ मध्ये सुरू झालं. म्हणजे तो धरणाच्या विरोधात नव्हता. फक्त त्याने आधी गळती मोजली आणि धरणाला हात नंतर घातला. पुढच्या वेळी वाढीव पाण्याची मागणी निघाली की हा क्रम आपणही आठवायला हरकत नाही.