लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग : नवा कॉम्प्युटर घ्यायचा की जुनाच सुधारायचा? पैसे घालण्याआधी हे तपासा

छत्रपती संभाजीनगर : तुळशीचं लग्न लागलं की पैठण, गंगापूर, वैजापूरपासून कन्नड, सिल्लोड, सोयगावपर्यंत फोटो स्टुडिओवाल्यांची धावपळ सुरू होते. हळद, लग्न, वरात आणि आता ड्रोनसुद्धा. शूटिंग दोन दिवसांत उरकतं, खरी अडचण नंतर येते. टाइमलाइनवर क्लिप टाकली की मशीन हँग होतं, रेंडर लावला की रात्र जाते आणि तिकडे पार्टीचा फोन, ‘आमची कॅसेट कधी देता?’

अशा वेळी बरेच जण थेट नवा कॉम्प्युटर घ्यायला निघतात, तेही कर्ज काढून. पुष्कळदा मात्र अडचण मशीनच्या एकाच भागात असते आणि तो भाग बदलला तर जुनं मशीन आणखी दोन-तीन सीझन काढतं. उलट काही मशीन इतकी जुनी असतात की त्यांच्यावर घातलेला पैसा वाया जातो. यातलं आपलं मशीन कोणतं, हे दुकानात जाण्याआधी घरीच ओळखता येतं.

आधी काम कोणतं ते ठरवा

- फक्त रील, स्टेटस, वाढदिवसाचे छोटे व्हिडिओ : यासाठी कॉम्प्युटर लागतच नाही. चांगला मोबाइल आणि एडिटिंगचं ॲप पुरतं.
- फोटो आणि अल्बम डिझाइन : प्रोसेसर मध्यम चालतो, पण १६ जीबी रॅम, एसएसडी आणि चांगला मॉनिटर हवा. फोटोशॉपसाठी किमान ८ जीबी रॅम सांगितली जाते, पण अल्बमची मोठी पानं उघडली की ८ जीबी अपुरी पडते. महागडं ग्राफिक्स कार्ड इथे फारसं कामाला येत नाही.
- कीर्तन, सप्ताह, भाषणं, फुल एचडीमध्ये : व्हिडिओ लांब असतो, पण इफेक्ट कमी. मध्यम मशीन पुरतं, साठवायला जागा मात्र जास्त लागते.
- लग्न आणि प्री-वेडिंग, फोरकेमध्ये, दोन-तीन कॅमेरे आणि ड्रोन : इथे मशीनचा खरा कस लागतो. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि डिस्क चारही गोष्टी लागतात.

मशीन नेमकं कुठे अडतं?

नेहमीचं काम सुरू ठेवून कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबावीत. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स या भागात प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि ग्राफिक्सचे आलेख दिसतात. व्हिडिओ अडखळत असताना कोणता आलेख शेंड्याला टेकलाय ते पाहावं.

- डिस्क सतत १०० टक्के : हार्ड डिस्क हळू आहे, एसएसडी हवी.
- मेमरी ९० टक्क्यांच्या आसपास : रॅम कमी पडते.
- प्रोसेसर १०० टक्के आणि बाकी सगळं निवांत : प्रोसेसरला ती फाइल झेपत नाही.
- इफेक्ट, कलर करेक्शन लावल्यावरच अडखळतं आणि ग्राफिक्सचा आलेख भरतो : ग्राफिक्स कार्ड कमी पडतं.

या स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. दुकानदाराला तोच दाखवला की बोलणं मुद्द्यावर येतं.

एक रुपया न घालता करायचे उपाय

पहिला उपाय प्रॉक्सी. प्रीमियर प्रो आणि डाविंची रिझॉल्व्ह या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये फोरके क्लिपच्या हलक्या नकला करता येतात. कटिंग या नकलांवर होतं आणि शेवटचा रेंडर मूळ क्लिपवरून निघतो, त्यामुळे क्वालिटी कमी होत नाही. नकला रात्री लावून ठेवल्या तर सकाळी जुन्या मशीनवरही काम सुरळीत चालतं.

दुसरं, विंडोज ज्या ड्राइव्हवर आहे तिथली किमान १५-२० टक्के जागा मोकळी ठेवावी आणि एडिटिंग सॉफ्टवेअरची जुनी कॅशे फाइल काढून टाकावी. तिसरं, कॅबिनेट उघडून धूळ साफ करावी. प्रोसेसर तापला की तो जळू नये म्हणून स्वतःचा वेग कमी करतो. पत्र्याच्या गाळ्यात, एप्रिल-मेच्या उन्हात हे रोज घडतं. पंख्यातली धूळ काढून प्रोसेसरवर नवी थर्मल पेस्ट लावली तरी फरक जाणवतो.

मोबाइलवर शूट केलेल्या क्लिपमध्ये आवाज आणि ओठ जुळत नसतील तर तो दोष बहुधा मशीनचा नसतो. मोबाइल सेकंदाला कमी-जास्त फ्रेम घेतो. अशी क्लिप हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून ठरावीक फ्रेमरेटवर काढून मग टाइमलाइनवर घ्यावी.

सुधारणेचा क्रम : आधी एसएसडी, मग रॅम

एसएसडी : साधी हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते २०० एमबी वाचते. साटा एसएसडी ५०० एमबीच्या आसपास, तर एनव्हीएमई एसएसडी ३,००० एमबी आणि त्याहून जास्त. विंडोज, सॉफ्टवेअर आणि चालू प्रोजेक्ट एसएसडीवर ठेवावं, झालेलं काम हार्ड डिस्कवर टाकावं. मदरबोर्डला एम डॉट टू खाच नसेल तर साटा एसएसडी बसते. दहा वर्षं जुन्या मशीनलाही ती चालते.

रॅम : फुल एचडीला १६ जीबी, फोरकेला ३२ जीबी धरावी. डीडीआर-३, डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या एकमेकींच्या खाचेत बसत नाहीत, म्हणून आपली कोणती ते आधी पाहावं. ३२ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा १६-१६ च्या दोन सारख्या पट्ट्या घेतल्या तर वेग जास्त मिळतो. २०२५ च्या अखेरीपासून एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅम आणि एसएसडीचे भाव जगभर चढले आहेत. त्यामुळे मागच्या वर्षीचा भाव डोक्यात धरू नये, दोन-तीन ठिकाणी त्याच दिवशी विचारावं.

ग्राफिक्स कार्ड : कोणतं सॉफ्टवेअर वापरता त्यावर हे ठरतं. डाविंची रिझॉल्व्ह ग्राफिक्स कार्डावर मोठा भार टाकतं. फोरकेसाठी ४ जीबीचं कार्ड तोकडं पडतं, ८ जीबीचं बरं. प्रीमियर इफेक्ट आणि कलरसाठी कार्ड वापरतं. लग्नवाल्यांमध्ये चालणारं एडियस बराचसा भार प्रोसेसरवर टाकतं, तिथे कार्डापेक्षा प्रोसेसरवर पैसा घालावा. कार्ड घेताना जुना एसएमपीएस तेवढी वीज देऊ शकतो का, हे आधी विचारावं. हलक्या एसएमपीएसवर भारी कार्ड लावलं तर रेंडरच्या मध्येच मशीन बंद पडतं.

जुन्या मशीनवर पैसे कधी घालू नयेत?

‘आय-सेव्हन आहे’ एवढ्यावर भुलू नये. त्यापुढचा आकडा महत्त्वाचा. आय७-४७७० हा चौथ्या पिढीचा, २०१३ चा प्रोसेसर आहे. आय५-१२४०० हा बाराव्या पिढीचा, २०२२ चा आहे. नाव आय-फाइव्ह असूनही दुसरा कितीतरी वेगवान आहे. सेकंड हँड मशीन विकणारे पुष्कळदा फक्त ‘आय-सेव्हन’ सांगतात, पिढी सांगत नाहीत.

दुसरी बाब फाइलची. आजचे कॅमेरे, ड्रोन आणि मोबाइल एचईव्हीसी म्हणजे एच-२६५ प्रकारात घट्ट दाबलेली फाइल देतात. ती उलगडायची वेगळी सोय प्रोसेसरमध्ये किंवा कार्डात असावी लागते. इंटेलमध्ये १०-बिट एचईव्हीसीची सोय सातव्या पिढीपासून आहे. त्याआधीच्या मशीनमध्ये रॅम कितीही वाढवली तरी, तशी सोय असलेलं कार्ड नसेल तर, अशी क्लिप अडखळणारच.

तिसरी बाब विंडोजची. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालते.

थोडक्यात, मशीन आठव्या पिढीचं किंवा नवं असेल तर एसएसडी आणि रॅम टाकून चालवावं. चौथ्या-पाचव्या पिढीचं असेल आणि काम फोरकेचं असेल तर त्यात फक्त साटा एसएसडी टाकावी, ती पुढे नव्या मशीनमध्येही लावता येते. डीडीआर-३ रॅमवर मात्र पैसे घालू नयेत, ती नव्या मशीनला चालत नाही.

नवा घ्यायचाच असेल तर

- इंटेलच्या मॉडेलच्या शेवटी ‘एफ’ असेल, जसं आय५-१२४००एफ, तर त्यात प्रोसेसरमधलं ग्राफिक्स नसतं. थोडे पैसे वाचतात, पण फाइल उलगडायला मदत करणारा भागही त्याच ग्राफिक्समध्ये असतो. एडिटिंगसाठी बिनाएफचा घ्यावा.
- कॅमेरा १०-बिट ४:२:२ मध्ये शूट करत असेल तर हे जास्तच लागू होतं. अशी एच-२६५ फाइल उलगडायची सोय इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या ग्राफिक्समध्ये आहे. एनव्हिडियाच्या कार्डांमध्ये ती आरटीएक्स ५० मालिकेत आली. त्यामुळे जुनं महाग कार्डही इथे उपयोगी पडत नाही.
- मॉनिटर आयपीएस पॅनलचा आणि एसआरजीबी रंग पूर्ण दाखवणारा असावा. स्वस्त पॅनलवर नवरीचा शालू लाल दिसतो आणि अल्बम छापून आला की तपकिरी निघतो. पुन्हा छपाईचा खर्च स्टुडिओवाल्याच्याच अंगावर येतो.
- एकाच जागी काम असेल तर लॅपटॉपपेक्षा डेस्कटॉप बरा. तेवढ्याच पैशात तो जास्त वेगवान मिळतो, कमी तापतो आणि पुढे त्याचे भाग बदलता येतात. लॅपटॉप घ्यायचाच तर रॅम वाढवता येते का, ते आधी विचारावं.
- मॅक मिनी वेगवान आहे आणि वीज कमी खातो, पण त्याची रॅम नंतर वाढवता येत नाही आणि एडियस त्यावर चालत नाही.

एकदा गेलेलं लग्न पुन्हा शूट होत नाही

कॉम्प्युटर बंद पडला तर दुसरा आणता येतो, फुटेज गेलं तर नाही. फोरके शूटिंग १०० एमबीपीएसवर असेल तर एका तासाला सुमारे ४५ जीबी लागतात. दोन कॅमेरे चार-चार तास चालले तर ३६० जीबी. त्यात २ हजार रॉ फोटो, प्रत्येकी ३० एमबी धरले तर आणखी ६० जीबी. म्हणजे एका लग्नाला चारशे जीबीच्या वर जागा जाते. सीझनमध्ये दहा ऑर्डर असतील तर ४ टीबीची डिस्कही अपुरी पडते.

म्हणून नव्या मशीनच्या बजेटमध्ये डिस्कचा खर्च आधीच धरावा. प्रत्येक लग्नाच्या किमान दोन प्रती, दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवाव्यात. जमलं तर तिसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवावी. दोन प्रती उघडून पाहिल्याशिवाय कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट करू नये. पार्टीने फायनल व्हिडिओ आणि अल्बम घेतल्यावर मूळ फुटेज किती महिने ठेवणार, हे ऑर्डर घेतानाच पावतीवर लिहावं. पुढचा वाद टळतो.

फुकटचं म्हणून घेतलेलं ‘क्रॅक’ सॉफ्टवेअर हाही फुटेजला धोका आहे. अशा फाइलमधून येणारा व्हायरस सगळ्या डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करतो आणि पैसे मागतो. बजेट नसेल तर डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती फोरके यूएचडीमध्ये ६० फ्रेमपर्यंत व्हिडिओ काढून देते.

वीज आणि यूपीएस

रेंडर चालू असताना लाइट गेली तर तासांचं काम जातं, कधी डिस्कही बिघडते. ६०० व्हीएचा साधा यूपीएस सुमारे ३६० वॉट देतो. ग्राफिक्स कार्डवालं मशीन आणि मॉनिटर मिळून भार त्याच्या वर जाऊ शकतो, म्हणून १,००० व्हीए किंवा जास्तीचा घ्यावा. यूपीएस हा काम सेव्ह करून मशीन नीट बंद करण्यापुरता असतो, रेंडर पूर्ण करण्यासाठी नाही. घरचा इन्व्हर्टर वापरत असाल तर त्याचं बटण ‘यूपीएस मोड’वर ठेवावं, नाहीतर वीज बदलताना मशीन रीस्टार्ट होतं. दुकानाला अर्थिंग नीट आहे का, हे वायरमनकडून एकदा तपासून घ्यावं.

खरेदी करताना

- जीएसटीचं पक्कं बिल घ्यावं. त्यावर प्रत्येक भागाचं मॉडेल आणि सिरीयल नंबर असावा.
- वॉरंटीसाठी भाग कुठे द्यायचा ते विचारावं. सोयगाव किंवा वैजापूरहून दर वेळी शहरात हेलपाटा परवडत नाही. ऑनसाइट वॉरंटी असेल तर आपल्या पिनकोडला ती मिळते का, हे आधी पाहावं.
- ऑनलाइन अगदी स्वस्तात मिळणारी ‘२ टीबी’ची पेनड्राइव्ह बहुधा बनावट असते. आतली जागा भरली की पुढच्या फाइल खराब होतात. अशा वस्तूवर फुटेज ठेवू नये.
- सेकंड हँड मशीन घेताना आपलीच फोरके क्लिप नेऊन तिथे अर्धा तास चालवून पाहावी. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये डिस्कची तब्येत दिसते.
- कर्ज लागणार असेल तर मुद्रा योजनेत व्यवसायासाठी तारण न देता कर्ज मिळतं. शिशू गटात ५० हजारांपर्यंत, किशोर गटात त्यापुढे ५ लाखांपर्यंत. हे अनुदान नाही, हप्ता भरावाच लागतो. अर्ज थेट बँकेत करावा. आगाऊ फी मागणाऱ्या फोनला भुलू नये.
- वस्तू सदोष निघाली आणि दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. त्यासाठीही पक्कं बिल लागतं.

दुकानात जाताना मोबाइलमध्ये एवढं लिहून न्यावं

प्रोसेसरचं पूर्ण मॉडेल, मदरबोर्डचं नाव, रॅमचा प्रकार आणि रिकाम्या खाचा, डिस्कचा प्रकार, एसएमपीएसचे वॉट, वापरातलं सॉफ्टवेअर, कॅमेऱ्याचा फाइल प्रकार आणि टास्क मॅनेजरचा फोटो. सोबत पेनड्राइव्हमध्ये आपल्याच शूटिंगची एक क्लिप. नव्या मशीनवर ती क्लिप टाइमलाइनवर चालवून बघावी आणि मगच पैसे द्यावेत.